तलावातली पहिली लाट

आमच्या गावच्या तलावात पहिली लाट मी आणली.

ही काही मिरवायची गोष्ट नाही, पण नाकबूलही करता येत नाही, कारण तेव्हा अख्खं गाव काठावर उभं होतं. त्याआधी त्या तलावात पाणी असे, मासे असत, म्हशी असत. लाट नसे. दिंद्रुडच्या अलीकडं, माळाच्या पायथ्याशी, मागच्या एका मोठ्या दुष्काळात लोकांनी डोक्यावर पाट्या वाहून बांधलेला तो तलाव. माझ्या आईनंही त्याच्या भिंतीवर माती टाकलेली. (ती गेली तेव्हा तलाव काठोकाठ होता. बरं झालं, पुढचं तिला बघावं लागलं नाही.)

बोट आणली माझ्या थोरल्या भावानं, दादानं. दादा हा जन्मजात चेअरमन. दोन माणसं एका झाडाखाली उभी दिसली की त्याला सोसायटी सुचायची. आधी दुधाची सोसायटी काढली, ती दुधासकट आटली. मग कोंबड्यांची काढली, ती रोगात गेली. त्यानंतर तालुक्यातल्या चेअरमन लोकांबरोबर तो अभ्यासदौऱ्याला गेलता, कुठल्याशा मोठ्या धरणावर. बाकीच्यांनी तिथं काय अभ्यास केला माहीत नाही, दादा मात्र तिथल्या मोटारबोटीत बसून दोन चकरा मारून आला आणि घरी पाय धुवायच्या आत त्यानं जलविहार सहकारी संस्था काढली. चेअरमन दादा. त्याला धरून संचालक अकरा. चालक मी.

मला चालक केलं, कारण मी दोन हंगाम कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवला होता. बोट म्हणजे पाण्यातला ट्रॅक्टर, असं दादाचं मत. ट्रॅक्टरला ब्रेक असतो आणि बोटीला नसतो, एवढा बारीक फरक मला पाण्यात गेल्यावर कळला.

बोट कुठल्यातरी खाडीतून, दुसऱ्याची वापरून झालेली, अशी आली. पंचवीस माणसांची, वर ताडपत्रीचं छप्पर, मागं इंजिन. उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागं एक जोडून तिला गावात आणली, तेव्हा मारुतीच्या पाराशी वळताना पिंपळाची एक फांदी आणि माझ्या पडवीचे चार पत्रे खाली आले. उद्घाटनाला मोठे पुढारी येणार होते. ते येईपर्यंत बोट माझ्या दारात ठेवली. ते आज येतो, उद्या येतो करत राहिले. पावसानंही तेच केलं. आषाढ कोरडा गेला, श्रावणात नुसतं आभाळ आलं, दिवाळीपर्यंत तलाव निम्म्यावर आला आणि माझ्या बायकोच्या कोंबड्या बोटीत अंडी घालायला लागल्या.

माझी बायको सुभद्रा. हिच्याविषयी दोन गोष्टी आधी सांगायला पाहिजेत. एक, ती माझं नाव घेत नसे. लग्नातल्या उखाण्यात एकदा घेतलं, ते शेवटचं. नंतर बावीस वर्षं माझं नाव ‘अवो’. दुसरी, ती माझ्या थोरल्या भावाशी थेट बोलत नसे. दादा दिसला की डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि जे काय बोलायचं ते माझ्याकडं तोंड करून बोलायची. हे आमच्याकडं कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना येतंच.

आणि तिसरी गोष्ट, चांदी. चांदी म्हणजे म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. सुभद्रानं ती माहेरून रेडकू असताना आणलेली. घरातलं चहाचं दूध, ताक, तूप, पोरीच्या वह्या-पुस्तकं, सगळं चांदीच्या पाठीवर. त्या वर्षी चांदी गाभण होती आणि पेठेत, बाजारात, कुठंही चारा नव्हता. उन्हाळा निघायला पाहिजे होता, बस्स. मिरगाच्या पावसापर्यंत चांदी टिकली की आम्ही टिकलो.

त्यासाठी सुभद्रानं गाळपेर केलं होतं. तलाव आटायला लागला की काठाला गाळाची ओली जमीन उघडी पडते. पाणी जसं मागं सरकेल तसं लोक त्याच्या मागं मागं पेरत जातात, पट्टा पट्टा करून. ओल असते, पाणी द्यावं लागत नाही. वरच्या पट्ट्यातला मका चांदीनं दिवाळी ते संक्रांत खाल्ला. आता खालचा पट्टा, अगदी पाण्याला लागून, नुकता पेरलेला. तो उन्हाळ्याचा. सुभद्रा रोज सकाळी जाऊन त्याला बघून यायची. माझ्याकडं तिनं इतक्या वेळा बघितल्याचं मला आठवत नाही.

तर, संक्रांत झाली आणि पुढाऱ्यांचा निरोप आला, की पुढच्या महिन्यात नक्की येतो. दादा उठला. बोट पाण्यात घालायची!

पहिला आडवा आला लक्ष्मणमामा. हा मच्छीमार सोसायटीचा चेअरमन, म्हणजे दादाएवढ्याच तोलाचा माणूस, फक्त ह्याच्या सोसायटीत खरोखरचे मासे होते. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकायची, हे त्यांचं काम. मामा तरुणपणी एका मोठ्या धरणावर लाँचीवर कामाला होता. त्यानं बोटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “ह्या पाण्याला एवढी बोट म्हंजी परातीत म्हैस बसवल्यावानी हाय.”

दादा म्हणाला, पाणी आहे, हलेल आणि थांबेल. जाळ्याला काय होतंय?

इथून जो वाद पेटला तो महिनाभर विझला नाही. तलाव जसजसा आटत गेला तसतसा वाद वाढत गेला. लाटेनं जाळी फाटतात का, तराफे उलटतात का, गाळाचा काठ ढासळतो का. आमच्या गावात ज्यांनी आयुष्यात लाट बघितली नव्हती ते लाटेवर तासतासभर बोलायला लागले. न्हाव्याच्या दुकानात एकाची निम्मी दाढी राहिली आणि तो तसाच भांडत बाहेर पडला. लक्ष्मणमामाचं म्हणणं साधं होतं. बोट चालवायचीच असेल तर भिंतीकडच्या खोल पाण्यात चालवा, काठाला आणू नका. दादाचं म्हणणं त्याहून साधं होतं. भिंतीकडं बोट फिरवली तर काठावरच्या पुढाऱ्यांना ती दिसणार कशी?

घरात वेगळाच वाद. दादा ओट्यावर बसलेला, सुभद्रा दाराआड, मी मध्ये. दोघांत अंतर तीन हात.

“त्यांला म्हणावं, आमच्याकडच्या काठाला बोट बिलकुल आणू नका,” सुभद्रा मला म्हणाली. “मका वीतभर हाय. मुळं धरलेली न्हाईत.”

मी दादाकडं वळलो आणि म्हणालो, मका आहे म्हणते.

“तिला म्हणावं, मक्याला पाणी चांगलंच असतंय,” दादा म्हणाला.

मी सुभद्राकडं वळलो आणि म्हणालो, बघतो म्हणतोय.

असा मी दोन्हीकडचा निरोप्या. निम्मं पोचवायचं, निम्मं गिळायचं. त्यामुळं आमच्या घरात कधी भांडण झालं नाही आणि कधी कुणाला खरं काय तेही कळलं नाही.

शेवटी ग्रामसभेत ठरलं की प्रयोग करू. काठावर पाण्यापासून पाच-पाच पावलांवर तीन खुट्या ठोकायच्या. बोटीनं काठाकाठानं तीन चकरा मारायच्या. लाट तिसऱ्या खुटीच्या वर गेली तर बोट बंद. नाही गेली तर लक्ष्मणमामानं परत तोंड उघडायचं नाही. आता प्रश्न आला, खुट्या कुणाच्या गाळपेरात ठोकायच्या? सभा एकदम गार. जो तो आपापल्या चपलेकडं बघायला लागला. दादानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. अकरा संचालक माझ्याकडं बघत होते. आयुष्यात एवढ्या माणसांनी एका वेळी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “माझ्यात ठोका.”

टाळ्या पडल्या! दादाचे डोळे भरून आले. तो म्हणाला, असा भाऊ पाहिजे. मी हार घातल्यासारखा घरी गेलो. (सुभद्राला सांगायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही, मी ठेवलं.)

सभा सुटल्यावर लक्ष्मणमामानं मला बाजूला घेतलं. विरोधी पार्टीचा माणूस, पण त्यानं काम नीट समजावून सांगितलं. म्हणाला, “रंगनाथ, एक ध्यानात ठीव. बोट भरधाव गेली की वर उचलती, लाट बारीक. लई म्हंजी लईच हळू गेली तरी लाट न्हाई. मधल्या चालीवर मातूर तिचं बूड पाण्यात बसतंय आन मागं ही एवढी लाट उठती. त्यात माणसं मागं बसली तर इचारूच नगं.”

मी हे दादाला सांगितलं. दादा हसला. म्हणाला, “आपण ना भरधाव ना हळू. मधल्या चालीनं जाऊ. सहकारात मध्यम मार्गच चांगला.”

प्रयोगाच्या दिवशी सकाळी दोन बैलजोड्या लावून बोट पाण्यात ओढली. अकरा संचालक इस्तरीचे कपडे घालून चढले. पुढच्या बाजूला ऊन होतं, मागं छप्पर होतं आणि छपराखाली भज्यांचं पातेलं होतं, म्हणून सगळे मागं बसले. आमचे संचालक अंगापिंडानं भरलेले. बोटीचं नाक वर आलं आणि मला पुढचं पाणी दिसेनासं झालं. मी कुणाचा तरी काळा गॉगल लावला होता, त्यामुळं तसंही फार दिसत नव्हतं. इंजिन सुरू केलं. काळा धूर निघाला, काठावरची पोरं ओरडली, आणि मी मधल्या चालीनं निघालो.

बोटीची गंमत अशी असते की लाट मागं उठते आणि चालक पुढं बघतो. माझ्या मागं काय चाललंय ते मला ठाऊकच नव्हतं. पुढं सगळं झकास होतं.

सुभद्रा त्याच वेळी विळा घेऊन गाळपेरात आली होती. आपल्या मक्यात तीन खुट्या कशाला ठोकल्यात, हे तिला कळेना. तेवढ्यात पहिली लाट आली. सपाट गाळावर लाट अडत नाही, पसरत जाते. ती पहिली खुटी ओलांडून गेली, दुसरी ओलांडून गेली आणि परत फिरताना वीतभर मका मुळासकट घेऊन गेली.

सुभद्रा ओरडली, “अवो!”

आता बोटीत आम्ही बारा जण, बाराही लग्न झालेले. बाराही जणांनी वळून बघितलं. एक जण म्हणाला, आमची हाय वाटतं, डबा आणला आसंल. दुसरा म्हणाला, न्हाई बे, माझी हाय, आवाज वळखीचा हाय. मी गॉगलमधून बघितलं. लांब कुणीतरी बाई होती. बाया पुष्कळ होत्या.

“अवो! अवो, थांबा!”

कोण थांबणार? काठावर एकच माणूस नाव घेऊन ओरडत होता, लक्ष्मणमामा. “रंगनाथ, थांब! रंगनाथ!” दादानं भजं उचललं आणि म्हणाला, वरडू दे, त्यांचं कामच हाय ते.

माझं नाव तिच्या ओठावर येईना आणि दादाला हाक मारायची तर सवालच नव्हता. तेव्हा तिनं बावीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. भासऱ्यादेखत, म्हणजे दादासमोर, डोक्यावरचा पदर काढला आणि दोन्ही हातांनी तो वर धरून हलवायला लागली.

दादानं तिला ओळखलं. त्याचा चेहरा फुलला. “रंग्या, बघ बघ, सुभद्रा हाय. लई खूश झालीय, पदर हलवतीय. एवढी इज्जत तुला कधी दिली व्हती का? हान आजून एक चक्कर!”

मीही हात हलवला. खरं सांगतो, हात हलवताना मला पाण्यावर काहीतरी हिरवं तरंगताना दिसलं होतं. शेवाळ असेल, असं मी ठरवलं. दुसरी चक्कर मारली. तिसऱ्या चकरेला वळताना बोटीचं बूड गाळात बसलं, इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

मग एकदम शांत झालं. आम्हीच उठवलेली शेवटची लाट आम्हाला ओलांडून काठाकडं गेली, ती आम्ही सगळ्यांनी बसून बघितली. काठाचा गाळ ढेकळा-ढेकळानं पाण्यात पडत होता. सुभद्रा आता ओरडत नव्हती. गुडघाभर पाण्यात वाकून ती मक्याची रोपं वेचत होती आणि पदरात घालत होती.

संचालक धोतरं वर धरून मांडीभर चिखलातून बाहेर आले. एकाचा जोडा राहिला तो अजून तलावात आहे. काठावर येऊन बघितलं तर तिन्ही खुट्या वाहून गेलेल्या. लक्ष्मणमामा नुसता त्या जागेकडं बोट दाखवून उभा राहिला. दादानं तिथंच ओल्या कपड्यांत सभा घेतली आणि ठराव लिहून घेतला, की खुट्या जागेवर नसल्यामुळं लाट कुठवर गेली ह्याचा निर्णय करता येत नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. मी सही केली.

मग मी सुभद्राजवळ गेलो. ती वेचलेली रोपं वरच्या कोरड्या पट्ट्यात परत लावत होती. मीही लावायला लागलो. दुपारपर्यंत आम्ही जेवढी सापडली तेवढी लावली, तिसऱ्या दिवशी सगळी माना टाकून पडली.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलायची थांबली. भांडली असती तर बरं झालं असतं. जे सांगायचं ते ती चांदीला सांगायची. “चांदे, भाकरी झालीय म्हणावं.” “चांदे, पाण्याचा टँकर आलाय म्हणावं, घागरी न्या.” मी गोठ्याच्या दारात उभा राहून ऐकायचो आणि कामाला लागायचो. दादाचे आणि तिचे निरोप मी बावीस वर्षं पोचवले होते. माझे आता म्हैस पोचवत होती, आणि तिनं निम्मंसुद्धा गिळलं नाही.

पुढचं लवकर सांगतो, कारण त्यात हसण्यासारखं फार नाही. दूरच्या कारखान्याकडून थोडं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, आणलं, ते वाळकं. ते संपलं. चांदीच्या फासळ्या मोजता यायला लागल्या. होळीपर्यंत तलावात नुसता चिखल राहिला, आणि उन्हाळा तापल्यावर तोही फुटला. मग तलावाच्याच कोरड्या पोटात जनावरांची छावणी उघडली. गावातली सगळी गुरं तिथं, आणि गुरांबरोबर आम्ही. चांदी तिथंच व्याली. रेडकू उभं राहिलं नाही. तिच्या सडाला दूध नव्हतं. सुभद्रानं दोन दिवस त्याला बोटानं पाणी चाटवलं.

दादाही त्याचे बैल घेऊन छावणीत होता. तिसऱ्या दिवशी तो आमच्या दावणीशी आला, सवयीनं माझ्याकडं तोंड केलं आणि म्हणाला, “रंग्या, इचार तिला, रेडकू कसं हाय.”

मी वळायच्या आधीच सुभद्रा उठली. पदर डोक्यावर नव्हता, तिनं घेतलाही नाही. दादाकडं सरळ बघून म्हणाली, “गेलं.”

जन्मजात चेअरमन दादा तिथंच खाली बसला. मला रडू आलं आणि ते मी दाबलं, कारण त्यावर माझा हक्क नव्हता.

छावणीत टँकर यायचा तो भिंतीवर थांबायचा, गाळाच्या भेगांत त्याची चाकं जात नव्हती. जनावरांना पाणी पाजायला हौद नव्हता. होती ती आमची बोट. जिथं तिसऱ्या चकरेला रुतली होती तिथंच, गाळात निम्मी गेलेली. इंजिन काढून झालं होतं. तिचा काठ म्हशीच्या तोंडाला बरोबर येत होता. लक्ष्मणमामानंच ते हेरलं आणि इंजिन काढल्यावर तिच्या बुडाला राहिलेलं भोक डांबर लावून बुजवलं. भिंतीवरून घागरी भरून आणायच्या, बोटीत ओतायच्या, आणि दोन्ही बाजूंनी जनावरं उभी करायची. चालक म्हणून ते काम आपोआप माझ्याकडं आलं.

एके दिवशी दुपारी मी भरली घागर आणली आणि खांद्यावरूनच भसकन ओतली. बोटीतलं पाणी ह्या टोकाकडून त्या टोकाकडं गेलं, तिकडच्या काठावरून ओंजळभर बाहेर सांडलं आणि गाळाच्या भेगेत गेलं. चांदी त्या टोकाला पीत होती. ती दचकून मागं सरली. तिच्याजवळ सुभद्रा उभी होती.

आजूबाजूला शंभरेक बाप्ये होते, सगळे कुणाचे ना कुणाचे ‘अवो’. तिनं आधी त्या सांडलेल्या पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “रंगनाथ, हळू वता. लाट येतीय.”

चार महिन्यांत ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. ह्या वेळी हाक कुणाला आहे ह्याबद्दल कुणालाच शंका नव्हती, मलासुद्धा नाही. मी, जलविहार सहकारी संस्थेचा एकमेव चालक, दुसरी घागर घेऊन आलो, बोटीच्या काठाला टेकवली आणि अगदी हळू ओतली.